मथळा ‘जीवघेणा हल्ला’चा, नोंद एनसीची

प्रश्न: ऐरोलीतल्या आमच्या सोसायटीत पार्किंगवरून शेजाऱ्याशी माझी झटापट झाली. पोलिसांनी फक्त एनसी घेतली. स्थानिक दैनिकाने मात्र 18 सप्टेंबर 2025 च्या अंकात ‘पार्किंगच्या वादातून जीवघेणा हल्ला, तरुण गजाआड’ असा मथळा दिला. बातमी वेबसाइटवर अजून आहे; माझ्याकडे मात्र तिचा व्हॉट्सॲपवर आलेला, तारीख नसलेला स्क्रीनशॉटच आहे, अंक ठेवला नाही. महापेतल्या कंपनीने ती पाहून नोकरीची ऑफर मागे घेतली. केसचा निकाल लागल्यावर दावा करू म्हणून थांबलो. आता नोटीस पाठवू का?

उत्तर: निकाल कशाचा लागणार होता? एनसी म्हणजे अदखलपात्र नोंद. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 174 प्रमाणे दंडाधिकाऱ्यांच्या हुकुमाशिवाय पोलीस तिचा तपासही करू शकत नाहीत, वॉरंटशिवाय अटक तर दूरच. शेजाऱ्याने तो हुकूम आणला नसेल, तर तुमची केस कुठल्याच कोर्टात नाही. अशी पत्रे नेहमी येतात आणि बहुतेक जण न चाललेल्या केसच्या निकालासाठी वर्ष घालवतात.

त्या वर्षावरच सगळे अडले आहे. लिमिटेशन ॲक्ट, 1963 च्या अनुच्छेद 75 प्रमाणे छापील बदनामीच्या भरपाईचा दावा प्रसिद्धीपासून एका वर्षात लावावा लागतो. उशीर माफ करणारे कलम 5 अपिलांना आणि अर्जांना आहे, दाव्याला नाही. नोटिशीने मुदत थांबत नाही आणि खासगी वर्तमानपत्राला दाव्याआधी नोटीस देणे सक्तीचेही नाही. तेव्हा पाठवायची तर पाठवा, उत्तराची वाट पाहू नका. बातमी अजून दिसते म्हणून मुदत रोज नव्याने सुरू होते, अशा भरवशावरही राहू नका: पहिली प्रसिद्धीच धरायची, असे दिल्ली उच्च न्यायालयाने 2013 मध्ये म्हटले आहे. तो निर्णय इथल्या कोर्टावर बंधनकारक नाही, पण समोरचा वकील तोच पुढे करील. शिवाय वेबसाइटवर बातमी आदल्या रात्रीच चढलेली असू शकते. म्हणून शेवटची तारीख 17 सप्टेंबर 2026 धरा, आणि ते दिवस गणपतीचे आहेत हेही लक्षात ठेवा. ऑगस्टमध्येच दावा दाखल करा.

तारीख नसलेला व्हॉट्सॲपवरचा स्क्रीनशॉट पुरावा म्हणून फार तग धरत नाही. मूळ अंक तेव्हाच का ठेवला नाहीत? आता तो शोधा. वाचनालयात किंवा रद्दीवाल्याकडेही विचारा. त्यात मुद्रक, प्रकाशक, संपादक यांची ओळ छापलेली असते आणि प्रतिवादी तिथूनच ठरतात. वेबपानाची प्रत लिंक आणि तारखेसह काढून भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम 63 खालचे प्रमाणपत्र जोडा. त्याचे दोन भाग असतात, दुसरा तज्ज्ञाने भरायचा, आणि हॅश व्हॅल्यू, म्हणजे फाइलची ओळख पटवणारा संगणकाने काढलेला संकेतांक, लिहावी लागते. ती ओळ कोरी राहिली की उलटतपासात अडचण होते. एनसीची प्रत पोलीस ठाण्यात मागा. टाळाटाळ झाली तर दहा रुपयांचा कोर्ट फी स्टँप लावून माहिती अधिकारात अर्ज करा. उत्तराला 30 दिवस लागू शकतात, म्हणून तो आजच द्या.

दाव्यात ‘हाणामारी झाली’ या वाक्याबद्दल तक्रार करू नका, ते खरे आहे. बोट ठेवा फक्त ‘जीवघेणा’ आणि ‘गजाआड’ या दोन शब्दांवर, आणि मथळा छापला तसाच मराठीत उतरवा. साध्या दुखापतीला, म्हणजे भारतीय न्याय संहितेच्या कलम 115(2) ला, कमाल शिक्षा एक वर्ष; खुनाच्या प्रयत्नाला, कलम 109 ला, दहा वर्षे आणि दुखापत झाली असेल तर जन्मठेपेपर्यंत. एनसीत 115(2) लिहिले असेल, तर ही तफावतच तुमचा दावा. मात्र खालच्या मजकुरात ‘अदखलपात्र नोंद’ असे छापले असेल तर बाजू थोडी सैल होते, कारण मथळा आणि मजकूर एकत्र वाचला जातो. कंपनीचे ऑफर मागे घेणारे पत्र जोडा. त्यात कारण लिहिलेले नसेल, तर नोकरीच्या नुकसानीचा आकडा टिकेलच असे नाही.

बातमी हटवण्याचा तातडीचा मनाई हुकूम सहज मिळणार नाही; सर्वोच्च न्यायालयाने मार्च 2024 मध्ये त्यावर कडक अटी सांगितल्या आहेत. प्रेस कौन्सिलकडे दैनिकाविरुद्ध दोन महिन्यांत जायचे असते, ती वेळ तुम्ही घालवलीत. फौजदारी बदनामीची (भारतीय न्याय संहितेचे कलम 356) खासगी तक्रार तीन वर्षांपर्यंत करता येते, पण तिच्या तारखा किती वर्षे पडत राहतील ते विचारू नका.

तोवर त्या बातमीखाली रागाच्या प्रतिक्रिया लिहू नका. शेजाऱ्याला शिव्या दिल्या असतील, तर दैनिकाचा वकील सर्वात आधी त्याच वाचून दाखवील.