पटकन निघणारं माउंट आणि न हलणारा झीरो

प्रश्न थोडक्यात असा आहे: .३०८ कॅलिबरच्या स्पोर्टिंग रायफलला पिकाटिनी रेल, म्हणजे उपकरणं बसवायची आडव्या खाचांची पट्टी, आहे. त्यावरची दुर्बीण तिच्या माउंटसकट (दुर्बीण रेलवर धरणाऱ्या भागासकट) पाना-स्क्रूड्रायव्हर न लावता काढता-घालता यावी, पण परत बसवल्यावर झीरो, म्हणजे दुर्बिणीचा नेम आणि गोळीची जागा यांचा जुळवलेला मेळ, हलू नये. तुम्ही ड्रॉइंगमध्ये एका बाजूला कॅमची लिव्हर (फिरवली की जबडा आवळणारी) दिली आहे आणि प्ले, म्हणजे सैलपणा, जाणवतो म्हणून तिचा दाब वाढवत चालला आहात.

दाब वाढवणं आधी थांबवा. माझा जन्म जिग-फिक्श्चरची (मशिनवर काम पक्कं धरणाऱ्या साधनांची) ड्रॉइंग काढण्यात गेला, आणि तिथला पहिला नियम इथेही लागू पडतो: जागा ठरवणारा भाग वेगळा, आवळणारा भाग वेगळा. तुमच्या ड्रॉइंगमध्ये दोन्ही कामं लिव्हरच्या गळ्यात पडली आहेत. लिव्हर कमी-जास्त आवळली गेली की माउंटची बैठकच बदलते.

किती सूक्ष्म बदल पुरतो ते बघा. दोन क्लॅम्पमधलं अंतर १०० मिमी आणि एका टोकाला ०.०३ मिमी उचल आली, तर १०० मीटरवर गोळी ३ सेंटिमीटर सरकते, ५० मीटरवर दीड सेंटिमीटर. स्वप्नील कुसळे यांनी २०२४ मध्ये पॅरिसला कांस्यपदक घेतलं त्या ५० मीटर रायफल प्रकारात दहाचं वर्तुळ १०.४ मिमी व्यासाचं असतं. तिथे दुर्बीण चालत नाही, डायॉप्टर साइट (बारीक भोकातून नेम धरायची) असते, पण अंदाज यावा म्हणून सांगतो. ०.०३ मिमी म्हणजे रेलवर राहिलेली एखादी बर (कापताना उरलेली धातूची कोर) किंवा धुळीचा कण.

आता बैठकीकडे येऊ. पिकाटिनी रेलला वर सपाट पृष्ठ आहे, आणि दोन्ही बाजूंना वरचे व खालचे असे ४५ अंशांचे उतार आहेत. तुम्ही जबड्याचा आकार रेलला तंतोतंत जुळवून पाचही पृष्ठांवर टेकवला आहे. प्रत्यक्षात पाच पृष्ठं एकदम टेकत नाहीत. कधी ही तीन टेकतात, कधी ती तीन, आणि दर वेळी दुर्बीण वेगळ्या कोनात बसते. म्हणून वरच्या दोन्ही उतारांवर सरळ गाळा, म्हणजे मोकळी फट, सोडा. माउंट तीनच ठिकाणी टेकू द्या: सपाट माथा, स्थिर जबड्याकडचा खालचा उतार आणि सरकत्या जबड्याकडचा खालचा उतार. खालच्या उतारांवर दाब आला की माउंट आपोआप खाली माथ्यावर ओढलं जातं. अमेरिकी लष्कराचं १९९५ चं मानक, मिल-एसटीडी-१९१३, उतारांना संदर्भ धरत होतं. नाटोने नंतर स्टॅनॅग ४६९४ मध्ये माथ्याला संदर्भ धरायची शिफारस केली. माझ्या मते तो बदल अगदी योग्य आहे, कारण सपाट पृष्ठ मशिन करायलाही सोपं आणि डायल (सूक्ष्म फरक दाखवणारं काट्याचं मापक) लावून तपासायलाही सोपं.

लांबीच्या दिशेला माउंट अडवण्याचं काम रेलवरच्या आडव्या खाचेचं. दुर्बीण आणि माउंट मिळून ०.७ किलो धरा आणि गोळी सुटतानाचा झटका गुरुत्वाच्या ५०० पट धरा. बल सुमारे ३,४०० न्यूटन होतं. हे नुसत्या घर्षणावर पेलायचं तर, घर्षणांक ०.१५ धरला तरी, पृष्ठांवर २३,००० न्यूटनच्या आसपास दाब लागेल. बोटाने फिरवायच्या लिव्हरकडून ते होणे नाही, आणि झालंच तर ॲल्युमिनियमची रेल चेपेल. म्हणून माउंटच्या तळाला खाचेत बसणारी आडवी दांडी हवीच. खाच ५.२३ मिमी रुंद असते. दांडी ५ मिमी ठेवा. हा प्ले तुम्हाला खुपतोय हे कळतं, पण तो हवाच, नाहीतर माउंट दुसऱ्या रेलवर बसणारच नाही. झटक्याने रायफल मागे जाते आणि दुर्बीण जडत्वाने जागेवर राहू पाहते, म्हणजे रेलच्या हिशेबाने पुढे सरकते. तेव्हा बसवताना माउंट नळीच्या तोंडाकडे ढकलून दांडी खाचेच्या पुढच्या भिंतीला टेकवायची आणि मगच लिव्हर बंद करायची. स्प्रिंगच्या एअर रायफलचा झटका दोन्ही दिशांना असतो, त्यामुळे तिथे हा हिशेब लावू नका.

एवढं झाल्यावर लिव्हरकडे फक्त धरून ठेवण्याचं काम उरतं. गोल एक्सेंट्रिक कॅम (केंद्राबाहेरच्या आसावर फिरणारी चकती) असेल तर केंद्राची सरक त्रिज्येच्या दहाव्या भागाच्या आत ठेवा. १६ मिमी व्यासाच्या कॅमला ०.८ मिमी म्हणजे जबड्याची एकूण चाल १.६ मिमी मिळते. जबडा रेलवरून वरच्या वर काढायला एवढी चाल पुरणार नाही, म्हणून एक तर माउंट तिरकं करून आधी स्थिर जबडा अडकवायची सोय ठेवा किंवा कॅम सुटल्यावर जबडा आणखी मागे सरकेल असा मार्ग द्या. तेल लागलं की घर्षणांक उतरतो, तेव्हा नुसत्या स्वयंरोधावर, म्हणजे कॅम घर्षणाने आपोआप अडून राहण्यावर, विसंबू नका. लिव्हरला स्प्रिंगची छोटी खिट्टी द्या, दाबल्याशिवाय न उघडणारी. बंद लिव्हर नळीला समांतर राहू द्या, म्हणजे पट्ट्यात अडकत नाही.

प्रत्येक रेलची रुंदी थोडी वेगळी निघते. हार्ड ॲनोडायझिंगचा (ॲल्युमिनियमवर चढवलेल्या कठीण ऑक्साइडचा) ५० मायक्रॉनचा थरही प्रत्येक पृष्ठावर साधारण २५ मायक्रॉन वाढवतो. त्यासाठी कॅमच्या बोल्टला समायोजनाचा लॉकनट आणि खाली बेलव्हिल वॉशरची (स्प्रिंगसारख्या दबणाऱ्या बशीच्या आकाराच्या वॉशरची) जोडी घाला. बॉडी ७०७५-टी६ या ॲल्युमिनियम मिश्रधातूची ठीक आहे, पण कॅम थेट तिच्यावर घासू देऊ नका. मध्ये कठीण स्टीलची चकती हवी.

गोळीबाराआधी टेबलावर चाचणी घ्या. रेलचा तुकडा सरफेस प्लेटवर (मोजमापाच्या अचूक सपाट पाट्यावर) पक्का करा, माउंटमध्ये दुर्बिणीच्या जागी ग्राउंड, म्हणजे अचूक घासलेला, दांडा धरा, दोन टोकांना डायल लावा आणि माउंट पुन्हापुन्हा काढून बसवा. दर थोड्या वेळाने दुसऱ्याच्या हातून बसवून घ्या, कारण प्रत्येकाच्या हाताचा जोर वेगळा. लिव्हरचा समायोजन नट पाव फेरा सैल आणि पाव फेरा घट्ट करूनही वाचन तेच आलं, तर बैठक खरी. त्यानंतरच परवानाधारकाबरोबर रेंजवर जा, आणि माउंटला हात लावण्याआधी दर वेळी चेंबर रिकामं असल्याची खात्री करा.

सुधारलेलं ड्रॉइंग टाकाल तेव्हा स्थिर जबड्याचा छेद मोठा करून दाखवा. आतल्या कोपऱ्याला रिलीफ (कोपरा टेकू नये म्हणून काढलेली छोटी खोबण) दिला आहे की नाही, ते मला आधी बघायचं आहे.