वाचकांचे प्रश्न : रेवस ते हरिहरेश्वर, पायी आणि तंबूसह

प्रश्न : आम्ही पती-पत्नी नेरूळला राहतो, माझे वय ५४ आणि पत्नीचे ५१. सह्याद्रीतले किल्ले पुष्कळ पाहिले, परंतु समुद्राच्या काठाने सलग कधी चाललो नाही. येत्या डिसेंबरात रेवसपासून हरिहरेश्वरपर्यंत सहा दिवसांत चालत जावे आणि रात्री पुळणीवरच तंबू लावावा, असा बेत आहे. रोज वीस-बावीस किलोमीटर जमेल का? निघण्यासाठी कोणती तारीख धरावी?

उत्तर : आपल्याला सुरुवात घराजवळूनच करता येईल. उरणपर्यंत लोकल, तेथून रिक्षाने करंजा आणि करंज्याहून लाँचने धरमतरची खाडी ओलांडून रेवस, असा प्रवास करावा. वडखळच्या रस्त्याने गाडीत बसून अलिबाग गाठण्यापेक्षा पाण्यावरून येऊन चालू लागणे मला तरी अधिक शोभून दिसते. तेथून हरिहरेश्वरपर्यंतचे अंतर सव्वाशे किलोमीटरांच्या आसपास भरते. त्यासाठी सहा नव्हे, नऊ दिवस ठेवावेत. किल्ल्याच्या वाटेवर पाऊल दगडावर पडते, तर येथे दिवसाचा बराच भाग वाळूत जातो आणि पुळण समुद्राकडे उतरती असल्यामुळे दक्षिणेकडे चालणाऱ्याचा उजवा पाय सतत खाली पडतो. पहिल्या दिवशी त्याचे काही वाटत नाही. तिसऱ्या दिवशी गुडघा आणि कंबर आठवण करून देतात. त्यावर उपाय एकच, तो म्हणजे ओहोटीने उघड्या पडलेल्या ओल्या, घट्ट आणि बऱ्याच सपाट वाळूवरून चालणे. म्हणून आपला तारखेचा प्रश्न मला अंतराच्या प्रश्नापेक्षा महत्त्वाचा वाटतो.

किनाऱ्यावरची जुनी मंडळी तिथीला पाऊणने गुणून पूर्ण भरतीची वेळ काढतात. अष्टमीला आठाचे पाऊणपट म्हणजे सहा, तेव्हा सहाच्या सुमारास भरती आणि बाराच्या सुमारास ओहोटी. पौर्णिमेला किंवा अमावास्येला हाच हिशेब सव्वाअकरा सांगतो. ही अजमासाची रीत आहे आणि घड्याळाशी तिचा तासाभराचा फरक पडू शकतो, त्यामुळे निघण्यापूर्वी भरती-ओहोटीचे छापील वेळापत्रक अवश्य पाहावे. पण तारीख निवडायला ती पुरेशी आहे. पौर्णिमेला भरती दुपारी आणि मध्यरात्री बाराच्या आगेमागे येत असल्याने ओहोटी सकाळी आणि संध्याकाळी सहाच्या सुमारास, म्हणजे नेमकी गारव्याच्या वेळी सापडते. पुढे ती रोज साधारण पन्नास मिनिटांनी उशिरा येते. पौर्णिमेला निघालात तर पाचव्या दिवशीसुद्धा सकाळी साडेनऊच्या सुमारास घट्ट वाळू पायाखाली असेल. त्यानंतर ओहोटी दुपारकडे सरकते आणि भांगाचे, म्हणजे कमी भरती-ओहोटीचे, दिवस आल्याने पाणी फारसे मागेही हटत नाही, पण तोवर आपण दिघीच्या पलीकडे पोहोचलेले असाल. दिवेआगरपासून पुढची वाट शेखाडी, आरावी, श्रीवर्धन अशी बरीचशी समुद्रालगतच्या रस्त्याने जाते, तेथे भरतीची फारशी अडचण होत नाही. साळाव, कोर्लई ते काशीद या टप्प्यात खडप, म्हणजे खडकाळ किनारा, आहे; तेथे निमूटपणे डांबरी रस्ता धरावा.

आता तंबूविषयी. चालण्याला जी तिथी उत्तम, तीच तंबूला सर्वांत धोक्याची असते. उधाणाच्या दिवसांत मुंबई-रायगडच्या किनाऱ्यावर भरती-ओहोटीच्या पातळीत चार मीटरांहून अधिक अंतर पडते, आणि हिवाळ्यात मध्यरात्रीची भरती दुपारच्या भरतीपेक्षा बरीच वर चढते. मला हे ठाऊक नव्हते. काही वर्षांपूर्वी एका पुळणीवर दुपारच्या भरतीने सोडलेली काडीकचऱ्याची ओळ पाहून, तिच्या वर दहा पावले मोजून मी मोठ्या समाधानाने तंबू लावला आणि रात्री साडेबाराला बुटांसह ओला झालो. दुपारी दिसणारी ओळ हिवाळ्यात फसवी असते, ती अशी. तंबू सुरूच्या बनाच्या आतच असावा; त्याहून चांगले म्हणजे एखाद्या वाडीच्या अंगणात किंवा देवळाच्या आवारात असावा. त्यासाठी अंधार पडण्यापूर्वी गावात जाऊन सरपंचांना किंवा पोलीस पाटलांना भेटावे, आपण कोण, कोठून आलो आणि सकाळी किती वाजता निघणार, हे सांगावे. बन कोणाचे, वाडी कोणाची, हे परक्याला कळत नाही, आणि न विचारता ठोकलेला तंबू रात्री अकराला उचलावा लागण्यासारखी दुसरी नामुष्की नाही.

आणखी एक गोष्ट आहे. नोव्हेंबर ते मार्च हा ऑलिव्ह रिडले कासवांच्या विणीचा काळ आहे आणि दिवेआगर, हरिहरेश्वर येथील पुळणींवर माद्या अंडी घालायला येतात. उजेडाने त्या बिचकून परत फिरतात, म्हणून वाळूवर शेकोटी नको आणि डोक्यावरचे विजेरी दिवेही नकोत. चूल-भांड्यांचे ओझे मी नेतच नाही, कारण या पट्ट्यात घरगुती खानावळी आहेत. पाणी मात्र प्रत्येकी तीन लिटर जवळ असावे. शहाळी मिळतात, पण ती पाण्याच्या हिशेबात धरू नयेत. निघण्यापूर्वी महिनाभर पाठीवर भरलेली सॅक घेऊन पारसिकच्या टेकडीवर चढ-उतार करावा. पाम बीच रस्त्यालगतच्या सपाटीवरच्या फेऱ्या या कामी फारशा उपयोगी पडत नाहीत.

प्रश्न : आम्ही चार मैत्रिणी ठाण्याहून याच वाटेने जाणार आहोत. ओहोटीच्या वेळी खाड्यांची मुखे उथळ दिसतात. ती चालत ओलांडली तर मोठा वळसा वाचेल का?

उत्तर : ओलांडू नयेत. अलिबागच्या कुलाबा किल्ल्यात ओहोटीला पायी जाता येते, त्यावरून पुष्कळांचा असा समज होतो; पण तेथे तळ खडकाळ आहे, खाडीच्या मुखाशी मात्र वर वाळू आणि खाली मांडीपर्यंत रुतवणारा चिखल असतो, शिवाय ओहोटीचे पाणी तेथून समुद्राकडे जोराने ओढत जाते. अक्षीजवळ पूल आहे, रेवदंड्याहून साळावला जाताना कुंडलिकेवर पूल आहे आणि राजपुरीची खाडी बोटीने पार होते. सुटणारी शेवटची बोट कोणती, हे आदल्या दिवशी विचारून ठेवावे. हरिहरेश्वरची प्रदक्षिणाही पूर्ण ओहोटी असतानाच आणि गावकऱ्यांनी होकार दिल्यावरच करावी, कारण तेथील खडकांवर लाटांनी माणसे ओढून नेली आहेत.

प्रश्न : वाळूत तंबूच्या खुंट्या टिकत नाहीत. काय करावे?

उत्तर : खुंट्या घरीच ठेवाव्यात. चार-सहा लहान कापडी पिशव्या न्याव्यात, त्यांत ओली वाळू भरून तंबूच्या दोऱ्या त्यांना बांधाव्यात आणि पिशव्या हातभर खोल पुरून वरून वाळू पायाने दाबावी. दुपारनंतर वायव्येकडून वारा सुटतो, म्हणून तंबूचे दार त्या दिशेला ठेवू नये. सकाळी पिशव्या रिकाम्या करून घडी घातली की त्यांचे वजन जाणवतसुद्धा नाही.