'ताब्यात घेतले' आणि 'अटक केली': फरक नेमका कुठे?

प्रश्न असा आहे: "बातमीत कधी 'संशयिताला ताब्यात घेतले' असे असते, कधी 'अटक केली'. ताब्यात घेणे ही अटकेच्या आधीची, जरा सौम्य पायरी आहे का? लिहिताना कोणता शब्द कधी वापरावा?"

बोलण्यात आणि बातम्यांत दोन पायऱ्यांची ही भाषा पक्की रुळली आहे, पण गुन्ह्याच्या तपासात कायद्याचे घड्याळ पहिल्याच पायरीला सुरू होते. "मी निघतो" म्हणून माणूस ठाण्याबाहेर पडू शकत नसेल, तर स्टेशन डायरीत काहीही लिहिलेले असो, त्याला अटक झालेली आहे. 'ताब्यात घेतले' हा शब्द अचूक ठरतो अशा जागा आहेत, त्या पुढे येतील. मात्र सौम्य अटक म्हणून तो वापरणे चुकीचे आहे आणि त्या चुकीची किंमत आत बसलेला माणूस मोजतो.

'अटक' हा अटकणे, अटकाव यांच्या घरातला शब्द. नाम स्त्रीलिंगी, म्हणून 'त्याला अटक झाली' म्हणायचे. 'तो अटक झाला' हे मराठी नव्हे. ('अटकेपार झेंडे' मधले अटक हे सिंधूकाठचे गाव. त्याचा इथे संबंध नाही.) 'ताबा' अरबी-फारसीतून आला, 'ताबेदार' त्याचाच भाऊ; मूळ अर्थ अधीनता, हुकमत. आपण घराचा ताबा घेतो, गाडीवरचा ताबा सुटतो, पोलीस मुद्देमाल ताब्यात घेतात. म्हणजे शब्दार्थाने पाहिले तर 'ताब्यात' हाच अधिक कडक शब्द आहे, कारण एखादी गोष्ट पूर्णपणे दुसऱ्याच्या हुकमतीखाली गेल्याचे तो सांगतो. माणसाच्या बाबतीत वापरताना मात्र आपण त्याला हलका करून टाकला आहे.

कायद्यातली अटकेची व्याख्या तरी या ताब्यावरच उभी आहे. भारतीय नागरी सुरक्षा संहिता १ जुलै २०२४ पासून लागू झाली. तिचे कलम ४३ सांगते की अटक करताना पोलीस अधिकाऱ्याने माणसाच्या शरीराला स्पर्श करायचा किंवा त्याला रोखून धरायचे. माणूस शब्दाने वा कृतीने स्वतःच ताब्यात आला तर त्याचीही गरज नाही. तिच्या आधीच्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम ४६ मध्ये हेच होते. 'आरोपी ठाण्यात हजर झाला', 'शरण आला' हेही म्हणून अटकेचेच प्रकार. बेड्या घातल्या की अटक, असे कुठेही लिहिलेले नाही.

न्यायालयांनी हा शब्दांचा खेळ ओळखला आहे. १९८० साली महाराष्ट्रातून गेलेल्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सुनावले की 'अनौपचारिक ताब्यात घेतले आहे, अटक नाही' किंवा 'चौकशीसाठी ठेवले आहे, कोठडीत नाही' या शाब्दिक पळवाटा आहेत. पुढे १९९० मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने सीमाशुल्क खात्याच्या एका प्रकरणात आणखी स्पष्ट केले: अधिकाऱ्याने कागदावर नोंदवली ती अटकेची वेळ धरायची नाही, माणसाच्या स्वातंत्र्यावर बंधन आले त्या क्षणापासून अटक सुरू होते.

आता गुन्हे वार्ताहरांच्या रोजच्या वापरातला एक शब्दप्रयोग जवळून पाहू: 'अटक दाखवली'. नमुन्यादाखल बातमी अशी: "स्थानिक गुन्हे शाखेच्या पथकाने रविवारी रात्री ११ वाजता संशयिताला ताब्यात घेतले. सोमवारी सायंकाळी ७ वाजता त्याला अटक दाखवण्यात आली. मंगळवारी दुपारी ३ वाजता न्यायालयात हजर केले असता पोलीस कोठडी मिळाली." कागदोपत्री हे वीस तास झाले, म्हणजे सगळे नियमात. प्रत्यक्षात तो माणूस चाळीस तास आत आहे. संविधानाचा अनुच्छेद २२ आणि संहितेचे कलम ५८ यांनी घालून दिलेली मर्यादा चोवीस तासांची आहे, प्रवासाचा आवश्यक वेळ वगळून. रविवार रात्र ते सोमवार संध्याकाळ या वीस तासांचा हिशेब कोणत्याही कागदावर नाही. मारहाणीच्या तक्रारी बहुतेकदा याच बिनहिशेबी वेळेबद्दल असतात, कारण अटक पंचनामा नाही, वैद्यकीय तपासणी नाही, घरच्यांना कळवल्याची नोंद नाही. 'दाखवणे' हे क्रियापद मात्र प्रामाणिक आहे: अटक केली कधी आणि दाखवली कधी, यातला फरक ते झाकत नाही. वार्ताहराने दोन्ही वेळा छापल्या तर ती बातमीच पुरावा होते.

अटक म्हटली की तिला बरेच काही चिकटून येते. कलम ३६ प्रमाणे अटकेचा कागद करायचा, त्यावर घरच्या किंवा वस्तीतल्या प्रतिष्ठित व्यक्तीची साक्षीदार म्हणून सही आणि अटक झालेल्याचीही सही. कलम ४७ प्रमाणे कारणे सांगायची, ४८ प्रमाणे नातेवाइकांना किंवा मित्राला कळवायचे, ५३ प्रमाणे डॉक्टरकडून तपासणी करायची. चौकशी चालू असताना वकिलाला भेटण्याचा हक्क ३८ मध्ये आहे, चौकशीभर नसला तरी. यातले बरेचसे सर्वोच्च न्यायालयाने डी. के. बसू प्रकरणात १९९६ साली घालून दिले होते. नोव्हेंबर २०२५ मध्ये, मुंबईतूनच गेलेल्या एका प्रकरणात, त्याच न्यायालयाने भर घातली: अटकेची कारणे लेखी द्यायची, अटक झालेल्याला समजणाऱ्या भाषेत द्यायची आणि ती देण्यात उशीर झालाच तर रिमांडसाठी, म्हणजे कोठडी मागण्यासाठी, न्यायालयात हजर करण्याच्या किमान दोन तास आधी तरी हातात पडली पाहिजेत. 'ताब्यात घेतले' असे लिहिले की ही सगळी साखळी लांबणीवर टाकायला जागा होते.

"नुसते चौकशीला बोलावले आहे" याचे काय? त्यालाही लेखी रूप आहे. अटकेची गरज नसेल तिथे कलम ३५(३) ची हजर राहण्याची नोटीस देतात. ठाण्यातल्या भाषेत 'समजपत्र'. साक्षीदाराला कलम १७९ खाली लेखी आदेशाने बोलावतात, आणि स्त्रिया, पंधरा वर्षांखालचे मुलगे, साठीपुढचे पुरुष, अपंग व गंभीर आजारी यांना राहत्या जागेखेरीज दुसरीकडे यायला भाग पाडता येत नाही. म्हणून 'चौकशीसाठी ताब्यात घेतले' हे वाक्य वाचताना किंवा लिहिताना एकच विचारायचे: नोटीस दिली होती का? दिली असेल तर 'चौकशीसाठी बोलावले' लिहा. नोटीस नसेल आणि माणूस परत आलेला नसेल, तर ती अटक आहे.

'ताब्यात घेतले' हाच शब्द योग्य, अशी पहिली जागा अल्पवयीन मुलांची. २०१५ चा बाल न्याय अधिनियम मुलांच्या बाबतीत अटकेची भाषाच वापरत नाही. विधिसंघर्षग्रस्त बालकाला, म्हणजे गुन्ह्याचा आरोप असलेल्या मुलाला, ताब्यात घेतात, विशेष बाल पोलीस पथकाच्या किंवा बाल कल्याण पोलीस अधिकाऱ्याच्या हवाली करतात आणि चोवीस तासांत बाल न्याय मंडळापुढे नेतात. लॉकअपमध्ये ठेवता येत नाही. 'अल्पवयीन मुलाला अटक' हा मथळा त्यामुळे सरळ चूक आहे, आणि तो रोज छापला जातो.

दुसरी जागा आंदोलनांची. 'आंदोलकांना ताब्यात घेऊन नंतर सोडून दिले' हे वाक्य बरोबर असू शकते. महाराष्ट्र पोलीस अधिनियमाचे कलम ६९ आणि नव्या संहितेचे कलम १७२ पोलिसांना आदेश न मानणाऱ्याला रोखायचा, हटवायचा अधिकार देतात. किरकोळ बाबतीत सोडून देता येते, नव्या संहितेप्रमाणे लवकरात लवकर आणि चोवीस तासांच्या आत. दखलपात्र (वॉरंटशिवाय अटक करता येते असा) गुन्हा होऊ नये म्हणून आधीच उचलले असेल, तर ती कलम १७० ची प्रतिबंधात्मक अटक, आणि तसेच लिहावे.

याच्या जवळचा एक शब्दप्रयोग मात्र वेगळा आहे. 'ताबा घेतला' आणि 'ताब्यात घेतले' एक नव्हेत. आरोपी आधीच कारागृहात किंवा दुसऱ्या पोलिसांच्या कोठडीत असतो आणि न्यायालयाच्या परवानगीने नवे पथक त्याला नेते, तेव्हा 'ताबा घेतला' म्हणतात. इथे तो आधीपासूनच अटकेत असतो.

'स्थानबद्ध' हा वेगळाच प्रदेश. एमपीडीए म्हणजे घातक कारवाया रोखण्यासाठीच्या महाराष्ट्रातल्या १९८१ च्या कायद्याखाली घडलेल्या गुन्ह्यासाठी नव्हे, पुढे घडू नये म्हणून बारा महिन्यांपर्यंत आत ठेवता येते. इथे चोवीस तासांचा नियम लागू नाही. तपासणी सल्लागार मंडळ करते. त्यामुळे साध्या गुन्ह्यातल्या आरोपीला 'स्थानबद्ध केले' लिहू नये.

शेजारचा एक शब्द फार गोंधळ घालतो: 'न्यायालयीन कोठडी'. ही न्यायालयातली खोली नव्हे. तो माणूस कारागृहात असतो. पोलिसांच्या तोंडी पीसीआर आणि एमसीआर असतात, ते अनुक्रमे पोलीस कोठडी आणि न्यायालयीन कोठडी. 'न्यायालयीन कोठडीत मृत्यू' वाचले की पोलिसांचा संबंध संपला असे वाटते, पण आधीच्या पोलीस कोठडीतल्या दिवसांचा प्रश्न तसाच उरतो. परभणीत डिसेंबर २०२४ मध्ये न्यायालयीन कोठडीतल्या एका तरुणाचा मृत्यू झाला. पोलिसांनी मारहाण केल्याचा त्याच्या कुटुंबाचा आरोप होता. जुलै २०२५ मध्ये उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने गुन्हा नोंदवण्याचा आदेश दिला आणि सर्वोच्च न्यायालयाने तो कायम ठेवला. अशा बातमीत पोलीस कोठडी किती दिवस होती आणि न्यायालयीन कधी सुरू झाली, या दोन तारखा हव्यातच.

लिहिणाऱ्याने आणखी एक टाळावे: 'ताब्यात घेण्यात आले' हा कर्ताच नसलेला प्रयोग. कोणी घेतले, ठाण्याने की गुन्हे शाखेने, कुठून आणि किती वाजता, हे वाक्यात आले पाहिजे. वेळ पोलीस सांगत नसतील तर 'वेळ सांगण्यास पोलिसांनी नकार दिला' हेही लिहिता येते.

नातेवाइकांच्या दृष्टीने सांगायचे तर, नेल्याची वेळ त्याच दिवशी लेखी करून पोलीस अधीक्षक किंवा आयुक्तांच्या अधिकृत ईमेलवर पाठवावी. ठाण्यातले सीसीटीव्ही चित्रीकरण जपून ठेवण्याची मागणीही त्याच पत्रात करावी. सर्वोच्च न्यायालयाच्या डिसेंबर २०२० च्या आदेशाप्रमाणे ते अठरा महिने, तितकी सोय नसेल तिथे किमान एक वर्ष साठवायचे असते. पण मागणी उशिरा झाली तर 'कॅमेरा बंद होता' हे उत्तर ठरलेले. पहिल्यांदा न्यायाधीशांपुढे उभे केले की आरोपीने किंवा वकिलाने खरी वेळ सांगावी आणि ती नोंदवून घ्यायला सांगावे. तिथे गप्प राहिले की अटक पंचनाम्यातली वेळच खरी ठरत जाते.

आणि तक्रार करताना शब्दावरून अडून बसायचे कारण नाही. राज्य पोलीस तक्रार प्राधिकरणाच्या अधिकारकक्षेत विहित कार्यपद्धती न पाळता केलेली अटक येते, तसेच ती न पाळता माणसाला अडवून ठेवणेही येते. पोलीस त्याला 'ताब्यात' म्हणोत की 'अटक', अर्ज दोन्ही बाबतीत चालतो.