वाचकांचे प्रश्न: वेळ कमी, तरी शर्यत हरलो!

प्रश्न: मागच्या चाकांवर चालणारी जुनी गाडी घरीच दुरुस्त करून मी हौशी ड्रॅग शर्यतीत (सरळ रस्त्यावर दोन गाड्यांची झुंज) उतरवली. पाव मैलाला मला 15.2 सेकंद लागले आणि प्रतिस्पर्ध्याला 15.4, तरीही तो आधी पोहोचला. मोजणी चुकली असेल का? आता टर्बो (इंजिनात जादा हवा दाबून ताकद वाढवणारे यंत्र) बसवावा असे वाटते.

उत्तर: मोजणी बरोबरच असावी. पाव मैलाचे, म्हणजे सुमारे 402 मीटरचे, घड्याळ हिरव्या दिव्याबरोबर सुरू होत नाही, तर आपले पुढचे चाक आरंभरेषेवरील प्रकाशकिरणातून बाहेर पडते तेव्हा सुरू होते. त्यामुळे दिवा लागल्यावर आपण जितके थबकलात तो वेळ या 15.2 सेकंदांत धरलेलाच नाही. प्रतिस्पर्धी मात्र तेवढ्यात निघून गेला. शर्यतीनंतर मिळालेल्या दोघांच्या वेळेच्या चिठ्ठ्यांवरील प्रतिक्रियेचे (दिवा लागल्यापासून गाडी निघेपर्यंतच्या वेळेचे) आकडे ताडून पाहा, त्यांत 0.2 सेकंदाहून अधिक फरक दिसेल.

टर्बोची घाई मला पटत नाही (त्याचा मोह कोणाला होत नाही म्हणा!). आधी चिठ्ठीवर पहिल्या 60 फुटांचा वेळ पाहा. तो जास्त असेल आणि चाके जागेवरच गरगरत असतील, तर वाढलेली ताकद रबर जाळण्यातच जाईल. मागच्या सस्पेन्शनचे बुश (सांध्यांतले रबरी तुकडे) तपासा. रबराला भेगा पडल्या असतील, तर ते आधी बदला. त्यासाठी गाडीखाली शिरताना नुसत्या जॅकवर विसंबू नका, भक्कम स्टँड लावा. ब्रेक ऑइल हवेतील ओलावा शोषते आणि मग कमी तापमानालाच उकळते, म्हणून जुने असल्यास तेही बदलून घ्या.