शत्रूच्या ताब्यातल्या साध्या माणसांवरच्या फ्रेंच कथा कुठून वाचायला घ्याव्यात? मोपासाँ आता जुना वाटतो का?

मोपासाँपासूनच सुरुवात करा, आणि त्यातही 'बूल द सुइफ' ('चरबीचा गोळा', कथेतल्या वेश्येचं टोपणनाव) या कथेपासून. जुना? अजिबात नाही. 1880 साली छापलेल्या त्या कथेतली माणसं मला आमच्याच वाचनकट्ट्यावर भेटली आहेत.

तिथे मीच ही कथा सुचवली होती. 1870च्या युद्धात प्रशियनांनी, म्हणजे जर्मनांनी, घेतलेल्या रुआँ या फ्रेंच शहरातून घोडागाडीने निघालेली दहा माणसं, वाटेत तोतच्या खानावळीत त्यांना अडकवून ठेवणारा प्रशियन अधिकारी, आणि त्याची अट: गाडीतल्या वेश्येनं त्याच्याकडे जायचं. चर्चा सुरू होते न होते तोच एक ज्येष्ठ सभासद, एरवी चांगले अभ्यासू, म्हणाले, "तिचा धंदाच तो. एका रात्रीनं तिचं असं काय जाणार होतं? बाकीची नऊ माणसं खोळंबली होती." दोघा-तिघांनी माना डोलावल्या. माझं डोकंच फिरलं. कारण कथेत दारूच्या व्यापाऱ्याची बायको, मादाम ल्वाझो, नेमकं हेच म्हणते: धंदाच आहे तर या एकालाच नाही का म्हणावं? मी ते पान काढून सगळ्यांसमोर वाचून दाखवलं. तरी ते म्हणाले, "व्यवहार बघायला हवा."

तो व्यवहार मोपासाँ शेवटच्या पानांवर दाखवतो. येताना या सगळ्यांनी त्या वेश्येच्याच टोपलीतल्या कोंबड्या खाल्लेल्या असतात. परत गाडीत बसताना घाईत तिला काही बरोबर घेता येत नाही, आणि ही मंडळी आपापले डबे उघडतात. चीजवर वर्तमानपत्राची अक्षरं उमटलेली आहेत, गाडीतल्या लोकशाहीवादी कॉर्न्युदेच्या दाढीत उकडलेल्या अंड्याचे पिवळे कण अडकलेत, आणि तिला कुणी एक घास विचारत नाही. वर हाच कॉर्न्युदे 'मार्सेयेझ' या फ्रेंच क्रांतिगीताची शीळ वाजवतो! आणि रुआँत घरी राहायला आलेल्या प्रशियनाच्या नरडीवर धावून गेलेली, त्या गाडीतली एकटी तीच.

तिला तयार कोणी केलं? शत्रूनं नव्हे. गाडीतल्याच काउंटनं गोड बोलून, आणि दोघींतल्या थोरल्या ननने हेतू चांगला असला की देव माफ करतो असं सांगून. परका अंमल घरातल्याच पुढाऱ्यांच्या हातून कसा चालतो, हे यापेक्षा स्वच्छ मी कुठे वाचलेलं नाही.

पुढे 'दोन मित्र' (1883) आणि 'ला मेर सोव्हाज' (1884) घ्या. दुसरीतली म्हातारी मुलगा लढाईत गेल्याचं पत्र येताच घरी उतरलेल्या चार प्रशियन पोरांना घरासकट जाळते. त्या पोरांशी तिचं चांगलं जमलेलं असतं, म्हणून ती वाचताना जास्त त्रास होतो. दोदेची 'शेवटचा तास' वाचा, जर्मनीकडे गेलेल्या अल्सास प्रांतातल्या शाळेत फ्रेंचचा शेवटचा तास; पण अल्सासमधली बरीच माणसं घरी जर्मन बोली बोलत, ते दोदे बाजूलाच ठेवतो. दुसऱ्या महायुद्धासाठी व्हेर्कोरची 'समुद्राचं मौन': 1942 साली पॅरिसमध्ये चोरून छापलेली. घरात राहणाऱ्या जर्मन अधिकाऱ्याशी काका-पुतणी जवळजवळ शेवटपर्यंत बोलत नाहीत.

हेही सांगायला हवं की मोपासाँ त्या बाईच्या शरीराचं वर्णन खाण्याच्या पदार्थासारखं करतो, ते मला खटकतं. अनुवाद घेताना संक्षिप्त आवृत्ती नको. ननचं बोलणं अख्खं असेल तीच घ्या, आणि कट्ट्यावर कुणी "व्यवहार" म्हणालं तर तेच पान वाचून दाखवा.