रात्री आडवं झालं की पाय स्वस्थ राहत नाहीत. झोपण्यापूर्वी कोणता व्यायाम करावा?

व्यायामाचं शेवटी सांगते. तुमच्या प्रश्नातलं दुसरंच एक वाक्य मला झोंबलंय: ‘हिमोग्लोबिन नॉर्मल आलं, त्यामुळे घरचे म्हणतात हे सगळं मनाचं आहे.’ हे वाक्य मी माझ्या सख्ख्या थोरल्या भावाकडून इतकं ऐकलंय की तुमचा प्रश्न वाचतानाही मला त्याचाच आवाज आला.

तुम्ही लिहिलंय की पाठ टेकली की पोटऱ्यांच्या आत काहीतरी सरपटल्यासारखं होतं, पाय झटकला की क्षणभर बरं वाटतं, ठेवला की पुन्हा सुरू, आणि पहाटेकडे आपोआप निवतं. गोळा येतो तेव्हा पोटरी कडक होते, कळ येते, हाताला गाठ लागते. तुमचं तसं नाही. नसांच्या आजारातल्या मुंग्या उठून चार पावलं चालल्याने थांबत नाहीत, तुमचं थांबतं. हलवल्यावाचून राहवत नाही, विश्रांतीत वाढतं, हालचालीने कमी होतं, संध्याकाळनंतर जास्त होतं: ही चार लक्षणं असली आणि त्यांना दुसरं कारण सापडत नसलं की त्याला रेस्टलेस लेग्ज सिंड्रोम म्हणतात. निदान प्रश्न विचारूनच होतं, स्कॅनबिन लागत नाही. म्हणून तर तुमच्या तपासण्या ‘नॉर्मल’ येत राहतात आणि घरच्यांना बोलायला जागा मिळते.

आता दादाबद्दल. तो काही वर्षं औषधं विकायच्या नोकरीत होता, त्यामुळे आमच्या घरात त्याचा शब्द डॉक्टरांच्याही वरचा. घरातल्या एका कामासाठी तो, वहिनी आणि मी रात्रीच्या बसने निघालो होतो. रात्रभर बसून प्रवास म्हणजे माझ्यासाठी शिक्षाच, हे मी निघण्याआधी सांगितलं होतं. तो म्हणाला, ‘ही गोळी घे. मळमळणार नाही आणि उतरायच्या वेळीच जाग येईल.’ गोळी प्रोमेथाझिनची होती.

तासाभरात डोळे मिटायला लागले आणि पायांनी थैमान मांडलं. एरवी निदान जागेपणी सोसायचं असतं. इथे शुद्ध हरपत होती आणि प्रत्येक वेळी डुलकी लागली की पायच मला उठवत होते. समोरच्या सीटला माझे गुडघे इतक्यांदा लागले की पुढचे गृहस्थ वळून म्हणाले, ‘ताई, काही राग आहे का माझ्यावर?’ मग मी मधल्या वाटेत उभी राहिले. दांडा धरून, अर्धवट झोपेत, एका पायावरून दुसऱ्या पायावर. कंडक्टर दोनदा येऊन ‘बसून घ्या’ म्हणून गेला. बसले की दोन मिनिटांत पुन्हा उभी. वहिनी बिचारी अंधारात माझ्या पोटऱ्या दाबत बसली, तेवढ्यापुरतं बरं वाटायचं. आता हातांतही तेच सुरू झालं होतं, हे आधी कधी झालेलं नव्हतं. बस थांब्यावर थांबली तेव्हा लोक खाली उतरून पाय मोकळे करत होते आणि मी बसभोवती फेऱ्या मारत होते, ड्रायव्हरने हॉर्न वाजवेपर्यंत.

त्या थांब्यावर दादाला जाग आली. शांतपणे आळस देऊन सगळ्यांच्या देखत म्हणाला, ‘हिला लहानपणापासून एका जागी बसवत नाही. मनावर ताबाच नाही.’

पुढे मज्जाविकारतज्ज्ञांकडे गेले तेव्हा त्यांनी पहिल्यांदा काय विचारलं असेल? त्या रात्री कुठली औषधं घेतली होती. प्रोमेथाझिन म्हटल्यावर ते हसलेच. झोप आणणारी जुनी ॲलर्जीविरोधी औषधं, म्हणजे डायफेनहायड्रामाइन, क्लोरफेनिरामाइन वगैरे, हा त्रास वाढवू शकतात. सर्दीच्या आणि खोकल्याच्या कितीतरी औषधांत ती असतात. प्रोमेथाझिन तर त्याशिवाय डोपामाइन या मेंदूत निरोप पोचवणाऱ्या रसायनालाही अडवतं, आणि या आजारात गडबड मुळात डोपामाइनच्या कारभारातच असते. उलटीवर देतात ते मेटोक्लोप्रमाइडही त्याच जातीचं. नैराश्यावरच्या बऱ्याच गोळ्यांनीही त्रास वाढतो. तेव्हा ‘झोप येत नाही ना, मग झोपेची काहीतरी घे’ असं म्हणणाऱ्या प्रत्येकाला आधी गोळीच्या पाकिटावरचं बारीक अक्षर वाचायला लावा. दादाचं मत अजून असं आहे की दोष बसच्या सीटचा होता.

डॉक्टरांनी दुसरी गोष्ट केली ती फेरिटिनची तपासणी. हिमोग्लोबिन माझंही उत्तम होतं, तेरा. फेरिटिन आलं २२. अहवालात ते ठळकही केलेलं नव्हतं, कारण प्रयोगशाळांच्या ‘नॉर्मल’ची खालची मर्यादा बायकांसाठी त्याहून बरीच कमी ठेवलेली असते. दादाने अहवाल हातात घेतला, बोट ठेवलं आणि म्हणाला, ‘रेंजमध्ये आहे. विषय संपला.’

विषय तिथेच सुरू होतो. फेरिटिन म्हणजे शरीराने साठवून ठेवलेलं लोह. लोह कमी पडायला लागलं की शरीर आधी हा साठा मोडतं, हिमोग्लोबिन अगदी शेवटी घसरतं. डोपामाइन तयार करायला मेंदूला लोह लागतं, आणि या आजाराच्या अनेक रुग्णांत रक्तात लोह ठीक असतानाही मेंदूत ते कमी आढळतं. म्हणून इथे मोजपट्टी वेगळी आहे. मोठ्या माणसात फेरिटिन ७५ किंवा त्याखाली असेल, किंवा ट्रान्सफेरिन सॅचुरेशन (रक्तात लोह वाहून नेणारं प्रथिन लोहाने किती भरलंय ते) २० टक्क्यांच्या खाली असेल, तर लोह देण्याचा विचार करतात. पंचाहत्तर, दादा. बावीस नव्हे.

तपासणी सकाळी करा आणि लोहाची गोळी चालू असेल तर आदल्या दिवसापासून बंद ठेवा. अंगात ताप किंवा कुठे सूज असली तर फेरिटिन खोटंच वाढलेलं दिसतं, तेव्हा बरं झाल्यावर करा. मला गोळी एक दिवसाआड मिळाली, रिकाम्या पोटी, क जीवनसत्त्वासोबत. गोळीच्या आगेमागे चहा, कॉफी, दूध बंद. फरक पडायला काही महिने लागले. मध्यंतरी ‘बघ, काही उपयोग नाही’ हेही ऐकून घ्यावं लागलं. ज्यांना गोळी सोसत नाही किंवा लागू पडत नाही त्यांना शिरेतून लोह देतात. आज मी बहुतेक रात्री झोपते. सगळ्या नाही.

घरचे ‘हे नवीन फॅड आहे’ म्हणत असतील तर त्यांना सांगा, मेंदूच्या तळाशी असलेल्या रक्तवाहिन्यांच्या वर्तुळाला ज्याचं नाव दिलंय त्या थॉमस विलिस नावाच्या इंग्रज डॉक्टराने १६७२ साली असे रुग्ण लिहून ठेवलेत. आजचं नाव १९४५ मध्ये स्वीडनच्या एकबोम यांनी दिलं. साडेतीनशे वर्षं माणसं रात्री उठून येरझाऱ्या घालतायत. सगळ्यांचाच मनावर ताबा नव्हता म्हणायचं का?

औषधांबद्दल एक सावधगिरी. प्रॅमिपेक्सोल आणि रोपिनिरोल या डोपामाइनची नक्कल करणाऱ्या गोळ्या सुरुवातीला जादू करतात, माझ्या ओळखीतल्या एका काकांना पहिल्याच रात्री झोप लागली. मग हळूहळू त्रास दुपारीच सुरू व्हायला लागला, हातांत गेला, डोस वाढत गेला. या गोळ्यांचा हा माहीत असलेला उलटा परिणाम आहे. काहींना जुगाराची किंवा खरेदीची अनावर ओढ लागते, तीही याच गोळ्यांनी. अमेरिकन अकॅडमी ऑफ स्लीप मेडिसिनच्या २०२५ च्या सूचनांत म्हणूनच त्या सरसकट देऊ नयेत असं सुचवलंय, आणि गॅबापेंटिन, प्रीगाबालिन या नसांच्या दुखण्यावरही देतात त्या गोळ्यांना पसंती दिलीय. त्यांनीही गुंगी येते, चक्कर येते. पण निवड करायची वेळ आली तर डॉक्टरांना हे जरूर विचारा.

व्यायाम. संध्याकाळी बेताचं चालणं, झोपण्याआधी पोटऱ्या आणि मांड्यांचे स्नायू ताणणं, कोमट पाण्यात पाय. एवढंच. रात्री उशिरा दमवणारा व्यायाम केला तर माझे पाय जास्त पेटतात. संध्याकाळनंतर कॉफी नको, दारू आणि सिगारेट असेल तर तीही सोडून बघा. लांबच्या प्रवासात मधल्या वाटेकडची सीट मागा, आणि डोकं गुंतवणारं काहीतरी हाताशी ठेवा, शब्दकोडं सोडवताना मला पायांचा विसर पडतो. मॅग्नेशियमवर लोकांची भारी श्रद्धा आहे. पुरावा तोकडा आहे.

हे वाचून लोहाच्या गोळ्या परस्पर सुरू करू नका. जास्तीचं लोह साठून यकृत, हृदय बिघडणारे आजार असतात, तपासणीशिवाय ते कळत नाहीत. मूत्रपिंडाचा आजार असेल तर आधी तो सांगा, त्यातही पाय असेच छळतात. गरोदर असाल तर साधारण पाचातल्या एकीला हे होतं, शेवटच्या तीन महिन्यांत जास्त, आणि बहुतेकींचं बाळंतपणानंतर ओसरतं. मनाच्या आजारावरची गोळी मात्र या कारणासाठी स्वतःहून बंद करू नका.

आणि हे घराण्यात चालतं. दादाची नऊ वर्षांची मुलगी रोज रात्री वहिनीकडून पाय दाबून घेतल्याशिवाय झोपत नाही, वर्गात बाकावर सारखी चुळबुळ करते म्हणून बाई तक्रार करतात. दादा म्हणतो, वाढीचं वय आहे. वाढीच्या वयाच्या नावाखाली मुलांमधला हाच त्रास वर्षानुवर्षं दडून राहतो. परवा वहिनीने फोन करून तपासणीचं नाव माझ्याकडून लिहून घेतलं. दादा, तू हे वाचत असलास तर, लहान मुलांत फेरिटिन ५० च्या खाली असेल तर लोहाचा विचार करतात. मुलांच्या डॉक्टरांना विचारून. तुला विचारून नव्हे.