'सिंटॅक्स एरर'ला 'त्रुटी' म्हणावं का?

प्रश्न असा आला आहे: "दर शनिवारी आम्ही यूट्यूबवर थेट शब्दकोडं सोडवतो. गप्पांच्या चौकटीत एक बॉट (आपोआप उत्तरं देणारा प्रोग्रॅम) ठेवलाय, त्याला आमच्या कमांड्स शिकवतो. जरा काही चुकलं की तो 'सिंटॅक्स एरर' म्हणतो. सदस्यांसाठी मराठीत टिपण करतोय. तिथे 'वाक्यरचना त्रुटी' लिहिलं तर चालेल का?"

चालेल, पण मला रुचत नाही. त्रुटी म्हणजे उणीव. अर्जात त्रुटी निघते तेव्हा एखादा दाखला जोडायचा राहिलेला असतो. कंस बंद करायचा राहिला तर ती खरीखुरी त्रुटी. पण कंस एकाऐवजी दोनदा पडला तर? जादा झालेल्या गोष्टीला उणीव कसं म्हणणार! साधा 'चूक' दोन्हीकडे चालतो.

'सिंटॅक्स' मूळचा ग्रीक, अर्थ 'एकत्र मांडणं'. मग आपली 'मांडणी' काय वाईट आहे? "कमांडची मांडणी चुकली" एवढं वाचलं की कोडी सोडवणाऱ्या आजीही शब्दांपेक्षा त्यांच्या जागा आधी तपासतील.

'अन्वय चुकला' असंही कुणी सुचवेल. शब्द देखणा आहे, पण इथे उलटा पडतो. शाळेत आर्येचा अन्वय लावायचो तेव्हा कवीने वृत्तासाठी कुठेही टाकलेले शब्द आपण जुळवून घ्यायचो. "मला चहा दे" म्हणा की "दे मला चहा", कप समोर येतोच, कारण 'मला'मधला 'ला' कुठेही बसला तरी आपलं काम सांगतो. बॉटला असे प्रत्यय कळत नाहीत. त्याच्या लेखी जागा हीच विभक्ती. नाइटबॉट नावाच्या बॉटला नवी कमांड शिकवायची तर आधी !कमांड्स, मग ॲड, मग कमांडचं नाव आणि शेवटी उत्तर (पहिले दोन शब्द अर्थात रोमन लिपीत). ॲड आणि नाव यांची अदलाबदल झाली की कमांड काही तयार होत नाही. अन्वय लावणं हे ऐकणाऱ्याचं काम, आणि ते करायला बॉट बांधील नाही.

जुन्या न्यायशास्त्रात (म्हणजे तर्कशास्त्रात, कायद्यात नव्हे) मात्र याला फार नेमके शब्द आहेत. वाक्याचा अर्थ कळायला आकांक्षा (एका पदाला दुसऱ्याची गरज), योग्यता (अर्थाचा मेळ) आणि संनिधी (पदं लागोपाठ असणं) या तीन गोष्टी लागतात. "गाय घोडा माणूस हत्ती" हे वाक्य नव्हे, कारण यातल्या कोणत्याच पदाला दुसऱ्याची आकांक्षा नाही. आता नाइटबॉटमध्ये विचारणाऱ्याचं नाव उत्तरात आणायला $(युजर) असं लिहितात, तेही रोमन लिपीत. $( लिहिलं की आकांक्षा जागी झाली, ) आल्याशिवाय ती भागत नाही. $ आणि ( यांच्यामध्ये मोकळी जागा सोडलीत, तर संनिधी गेली. आणि योग्यता? "विस्तवाने झाडं शिंपतो" याची मांडणी निर्दोष आहे, फक्त विस्तवाने शिंपता येत नाही. अशा वेळी बॉट तक्रार करत नाही, खुशाल भलतंच उत्तर देतो. टिपणात ही चूक मांडणीच्या चुकांत घालू नका. तिथे कंस मोजून काही हाती लागणार नाही.

कमांडमध्ये जावास्क्रिप्ट या प्रोग्रॅमिंग भाषेचा तुकडा असेल तर अवतरणचिन्हं बघा. काही फोनचा कळफलक सरळ चिन्हं परस्पर वाकडी करतो, आणि जावास्क्रिप्टला ती चालत नाहीत.

आणखी एक प्रकार खास आपला. समजा, तुमची !फेऱ्या नावाची कमांड आहे. यातला 'ऱ्या' दोन प्रकारे टंकता येतो: नुक्त्याचा ऱ, हलन्त, य, किंवा साधा र, हलन्त, मग एक न दिसणारं जोडचिन्ह, आणि य. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात, बॉटला मात्र ती दोन वेगळी नावं वाटतात. एकाच्या फोनवरून कमांड चालते, दुसऱ्याच्या फोनवरून नाही, आणि दोघंही शपथेवर सांगतात की आपण 'फेऱ्या'च लिहिलं. ही मांडणीची चूक नाही, ओळख पटलेली नाही. टिपणात तिथे "या नावाची कमांड सापडली नाही" असं लिहा, आणि दोन्ही प्रकारे टंकलेल्या नावांच्या दोन कमांड्स करून त्यांना एकच उत्तर द्या. किंवा सरळ !फेरी असं नाव ठेवा.